ओली गाठ

भागरता मारबतेनं पोतं आणून टाकलं
कॉलेजच्या पायरीवर. बारदान्यातून काळं पाणी गळत होतं.
"घे तुहे सालं. लोक सिंगाडे मांगतेत,
तूच एक सालं मांगनारी."
प्राचार्यांनी नाकाला रुमाल लावला,
शिपायानं पायरी धुतली, दोनदा.

सालं मी सावलीत वाळवली, कुटली,
उकळली, फडक्यातून गाळली.
कोऱ्या चहाच्या रंगाचा काढा, त्यात जस्ताचा क्षार.
ढवळत राहिले. वीज गेली. आली. पुन्हा ढवळत राहिले.
मग भट्टीत चारशे अंश, दोन तास,
आणि मुशीच्या तळाशी उरलं
चिमूटभर पांढरं,
रांगोळीहून मऊ, फुंकर लागली की संपलं.

"तुझ्या बादलीवर असतं ना जस्त, त्याचंच हे भस्म.
एका केसाच्या जाडीत
असे अडीच हजार कण ओळीनं बसतील."
तिनं कानामागचा एक केस उपटला,
खिडकीच्या उजेडात धरला. पिकलेला.
बराच वेळ पाहून म्हणाली,
"मोजले कोनं?"

जखम तिनं भादव्यात दाखवली होती मला,
न्हाणीच्या कुडाआड, साडी जराशी खाली सारून.
उजव्या कुशीवर, परकराची नाडी बांधतात तिथं
आधी काळा पट्टा, जुवाखालच्या मानेसारखा राठ,
मग खाज,
मग फुटलेली, उलटलेली कड.
चाळीस हंगाम ती तळ्यात उभी, कमरेइतक्या पाण्यात.
गाठ भिजते, आवळते.
सैल सोडली तर परकर पाण्यावर तरंगेल,
आणि पाळीवर माणसं बसलेली असतात.

नागपूरच्या कागदावरचं नाव मी तिला मराठीत सांगितलं.
ती म्हणाली, "नाडीनं?"

आमचं पांढरंही नागपूरला गेलं.
काचेच्या बशीत कातडीच्या कर्कपेशी, त्यांच्यावर ते घातलं.
दुसऱ्या दिवशी शंभरातल्या सत्तर मेलेल्या.
कण आत शिरतात, विरघळतात,
पेशीला आतून गंज चढवतात, असं मी तिला सांगितलं.
गंज तिला कळतो.
जास्त घातलं तर चांगल्याही मरतात,
हे मी जरा हळू आवाजात सांगितलं.

"पेशी कोनाच्या व्हत्या?"
कुणी बाई. पंच्याऐंशी वर्षांची, परदेशातली.
नाव आम्हाला माहीत नाही.
पन्नास वर्षं झाली, तिच्या पेशी बशीतून बशीत वाढवतात.
"तिले बरं वाटलं का मंग?"

माझ्या प्रबंधाला एकशे बारा संदर्भ आहेत.
रात्री जागून पुन्हा चाळले.

"मले लाव ना थे. सालं तं माहेच हाये."
मी डबी कपाटात ठेवली. कुलूप लावलं.
बशीनंतर उंदीर, उंदरानंतर परवानग्या,
मग कुठं माणूस.
"किती सालं लागतीन?" तिनं विचारलं,
आणि ती वर्षं विचारतेय की सालपटं,
हे मला क्षणभर कळलं नाही.
दहा. पंधरा. कदाचित कधीच नाही.
ती हसली. पोतं झटकून घडी केली, काखेत मारली.

मार्गशीर्षात तिची तळव्याएवढी कातडी काढली,
मांडीची तिथं लावली.
जांघेतली गाठ तपासली, ती साफ निघाली.
मी तिच्या तिन्ही परकरांची नाडी ओढून काढली,
चार बोटं रुंद पट्टी शिवली, बाजूला हूक.
शिवण वाकडी आली. तिनं चालवून घेतली.
हे काम कुठल्या प्रकरणात घालायचं, माझ्या मार्गदर्शकांना विचारलं नाही.

काढलेल्या नाड्या तिनं फेकल्या नाहीत.
एकीनं शेळी बांधलीय.

यंदा कार्तिकात पायरीवर पुन्हा पोतं.
तोंड नाडीनं बांधलेलं,
गाठ ओली, नखांनी सुटेना.
पाणी पायरीवरून खाली चाललेलं,
आणि शिपाई, बादली शोधत.